प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरं येत होती, त्यातून जेम्स प्रिन्सेपला ब्राह्मीची किल्ली सापडली

प्रोग्रामिंग शिकायला बसलेल्या पोरांना पहिल्या काही दिवसांतच एक गणित हमखास मिळतं. एक शब्द दिलाय, त्यात कोणती अक्षरं पुन्हा आली आहेत ते शोधा. सोपं वाटतं ना? मग 'चंद्रपूर' घ्या. घाईत बघणारा सांगतो, एकही अक्षर पुन्हा आलेलं नाही. पण शेवटच्या 'र'शिवाय आणखी एक र 'द्र'च्या पोटात दडून बसलाय. कॉम्प्युटर हा शब्द च, अनुस्वार, द, पाय मोडल्याची खूण, र, प, दीर्घ उकार, र अशा आठ तुकड्यांत साठवतो आणि र दोनदा मोजतो. 1982 पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यातच असलेल्या 'गडचिरोली'चे तुकडेही आठच होतात, मात्र त्यातला एकही पुन्हा येत नाही.

पोरखेळ वाटावा असं हे गणित जवळपास दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने शाई-कागद घेऊन सोडवलं होतं. फरक इतकाच की त्याच्या समोरच्या मजकुरातलं एकही अक्षर कसं उच्चारायचं हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. सम्राट अशोकाची ओळख आपल्याला त्यामुळे झाली, आणि चंद्रपूरच्या नागभीड तालुक्यात देवटेक गावी सापडलेल्या एका दगडावर काय लिहिलंय हेही त्यामुळेच कळलं.

त्या माणसाचं नाव जेम्स प्रिन्सेप. पेशाने तो ना भाषापंडित होता, ना इतिहासकार. टांकसाळीत सोन्याचांदीचा कस लावणं ही त्याची नोकरी.

20 ऑगस्ट 1799 ला इंग्लंडमध्ये त्याचा जन्म झाला. वडील जॉन प्रिन्सेप. हे गृहस्थ रिकाम्या हाताने हिंदुस्थानात आले होते, निळीच्या धंद्यात रग्गड कमावलं आणि मायदेशी परतले. तिथे मात्र पुढे धंद्याने मार खाल्ला. घरात पोरांची रांग होती, जेम्स त्यातला सातवा मुलगा. मोठ्या भावांप्रमाणे त्यालाही पोटासाठी काहीतरी शोधणं भाग होतं.

त्याचा हात चित्रकलेत चांगला होता, म्हणून वास्तुकलेचं शिक्षण सुरू झालं. पण डोळ्यांच्या दुखण्याने गाठलं आणि बारीक रेघांचं ते काम सोडावं लागलं. मग घरच्यांनी त्याला रसायनशास्त्र शिकायला लावलं आणि लंडनच्या शाही टांकसाळीत कस लावण्याच्या कामावर उमेदवारीला पाठवलं. ज्याला डोळे सांभाळायला सांगितलं होतं, त्याने पुढे आयुष्यभर झिजलेली नाणी आणि पुसट शिलालेख डोळ्यांजवळ धरून बघितले, ही त्यातली गंमत.

सप्टेंबर 1819 मध्ये वीस वर्षांचा जेम्स कलकत्त्याला उतरला. टांकसाळीत त्याचा वरिष्ठ होता होरेस हेमन विल्सन, संस्कृतचा मोठा अभ्यासक. वर्षभरातच जेम्सची रवानगी बनारसच्या टांकसाळीत झाली आणि तिथे त्याने तब्बल दहा वर्षं काढली.

बनारसमध्ये त्याने काय काय केलं याची यादी बघितली तर नोकरी कधी करत होता असा प्रश्न पडतो. टांकसाळीची नवी इमारत उभारली. शहरातलं तुंबलेलं सांडपाणी बाहेर काढायला जमिनीखालून बोगदा काढला. कर्मनाशा नदीवर दगडी पूल बांधला. औरंगजेबाच्या मशिदीचे खचू लागलेले मनोरे सावरले. शहराची शिरगणती केली, घाटांची चित्रं काढून छापली. त्याने एक तराजू बनवून घेतला होता, तो एका ग्रेनचा तीन हजारावा भाग दाखवायचा. भट्टीतलं प्रचंड तापमान मोजण्यासाठी त्याने सोनं, चांदी आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंची मालिका तयार केली. कोणता तुकडा वितळला आणि कोणता तसाच राहिला यावरून उष्णता ठरवायची. या कामामुळे 1828 मध्ये त्याला लंडनच्या रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं.

या सगळ्यात एक धागा आहे. प्रिन्सेपला मोजायची सवय होती. एखादी गोष्ट कळत नसेल तर आधी ती मोजायची, तक्त्यात मांडायची आणि मग बोलायचं, असा त्याचा खाक्या होता.

1830 मध्ये तो कलकत्त्याला परतला. दोन वर्षांनी विल्सन ऑक्सफर्डला निघून गेला आणि त्याच्या दोन्ही खुर्च्या प्रिन्सेपकडे आल्या, टांकसाळीतल्या मुख्य कसकाराची आणि एशियाटिक सोसायटीच्या चिटणीसाची. टांकसाळीत त्याने वजनं आणि नाणी एकसारखी करण्याचा आग्रह धरला. 1835 च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात 180 ग्रेनचा एकच रुपया ठरला, त्यामागे त्याची मेहनत होती. सोसायटीत त्याने मासिक सुरू केलं. गावोगावचे लष्करी अधिकारी, इंजिनिअर, मिशनरी, डॉक्टर यांना तो सतत सांगत राहिला की जुनं नाणं दिसलं, दगडावर अक्षरं दिसली, तर नक्कल काढून पाठवा. आणि नकला येऊ लागल्या. ढिगाने येऊ लागल्या.

त्यात एका लिपीने सगळ्यांना छळलं होतं. दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यातल्या खांबावर, अलाहाबादच्या किल्ल्यातल्या खांबावर, बिहारमध्ये बेतियाजवळच्या खांबावर तीच काठ्याकुठ्यांसारखी, सुटी सुटी, स्वच्छ कोरलेली अक्षरं. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात यातला कोटल्यातला खांब दिल्लीत आणवला तेव्हाही ती वाचणारा कुणी सापडला नव्हता.

1834 मध्ये लेफ्टनंट बर्ट याने अलाहाबादच्या खांबावरची नक्कल पाठवली आणि प्रिन्सेप कामाला लागला. इथून पुढे त्याने जे केलं ते प्रोग्रामिंगच्या त्या पहिल्या गणितासारखंच आहे.

अक्षरं पुन्हा आली का हे शोधायचे दोन रस्ते असतात. पहिला डोक्यात पटकन येणारा: पहिलं अक्षर घ्या, पुढच्या सगळ्यांशी ताडून बघा. मग दुसरं घ्या, पुन्हा सगळ्यांशी ताडा. उत्तर बरोबर येतं, पण हजार अक्षरांच्या मजकुरात अशा 4,99,500 जोड्या होतात. कॉम्प्युटर ते चुटकीसरशी करेल. माणूस करायला बसला तर वेडा होईल, आणि मजकूर हजारावरून दहा लाखांवर गेला तर कॉम्प्युटरलाही घाम फुटेल.

दुसरा रस्ता तक्त्याचा. कोरा तक्ता घ्यायचा. मजकुरातलं अक्षर उचलायचं आणि ते तक्त्यात आहे का बघायचं. नसेल तर नवी ओळ उघडून पुढे 1 लिहायचा. असेल तर आकडा एकने वाढवायचा. मजकूर एकदाच वाचायचा, मागे वळून बघायचं नाही. शेवटी ज्यांच्यापुढे 1 पेक्षा मोठा आकडा आहे ती पुन्हा आलेली अक्षरं. पायथॉन शिकणारा यासाठी डिक्शनरी वापरतो, जावा शिकणारा हॅशमॅप. नावं वेगळी, वही तीच. नवशिक्याची नेहमीची चूक अशी की मजकूर वाचता वाचताच पुन्हा आलेलं अक्षर छापायचं, मग तेच अक्षर चौथ्यांदा आलं की उत्तरातही ते तीनदा उमटतं. आधी मोजणी पूर्ण होऊ द्यावी, छापणं नंतर.

पण तक्ता आखण्याआधी एक प्रश्न उरतो, आणि तिथे प्रिन्सेपची खरी हुशारी दिसते. एक अक्षर म्हणजे नेमकं काय? दगडावर एकच आकार कधी नुसता दिसायचा, कधी त्याला उजवीकडे छोटी रेघ, कधी डोक्यावर, कधी पायाशी. ही सगळी वेगवेगळी अक्षरं धरली तर तक्ता मारुतीच्या शेपटीसारखा वाढत जातो आणि त्यातून काहीच दिसत नाही. प्रिन्सेपने मूळ आकार वेगळा काढला, रेघा वेगळ्या काढल्या. मग लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक मूळ आकाराला त्याच मोजक्या रेघा लागतात. म्हणजे आकार हे व्यंजन आणि रेघा म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या! एकाही अक्षराचा उच्चार माहीत नसताना, केवळ पुनरावृत्ती बघून त्याने ओळखलं की ही लिपी देवनागरीच्या घराण्यातली आहे.

'चंद्रपूर'मध्ये चार अक्षरं की आठ, हा प्रश्न तोच आहे. मराठी माणूस चं, द्र, पू, र अशी चार मोजतो. पायथॉनला लांबी विचारली तर तो आठ सांगतो. दोघंही बरोबर आहेत, कारण दोघं वेगळ्या गोष्टी मोजत आहेत. मराठी मजकुरावर प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे आधी ठरवलं नाही, तर उत्तर चुकतं आणि चूक कुठे झाली तेही कळत नाही.

त्याच वर्षी दुसरा शोध लागला. दिल्ली, अलाहाबाद आणि बेतिया इथल्या नकला त्याने शेजारी शेजारी मांडल्या आणि बघतो तर अक्षरं नुसती सारखी नव्हती, मजकूरच एक होता! शेकडो कोसांवरच्या खांबांवर कुणीतरी तेच ते कोरून ठेवलं होतं. बेतियाची नक्कल नेपाळमधला रेसिडेंट ब्रायन हॉजसनने पाठवलेली. आता एका खांबावर जिथे अक्षर उडालंय तिथे दुसऱ्या खांबावरून भरता येत होतं.

इकडे महाराष्ट्रातही कुणी गप्प बसलं नव्हतं. मुंबईचे मिशनरी जॉन स्टीव्हन्सन, ज्यांनी मराठीचं व्याकरण लिहिलं, ते कार्ल्याच्या लेण्यांतले लेख घेऊन बसले होते. क, ज, प, ब अशी काही अक्षरं त्यांनी बरोबर ओळखली. तिकडे जर्मनीत ख्रिस्तियन लासेनने 1836 मध्ये एका नाण्यावरचं अगाथोक्लीस या ग्रीक राजाचं नाव वाचलं, कारण त्या नाण्याच्या एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला ब्राह्मी होती. दोन-चार अक्षरं हाती येत होती. वाक्य मात्र लागत नव्हतं.

मोजणी इथे अडकत होती. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे कळलं, ते संस्कृतातल्या अक्षरांच्या प्रमाणाशी ताडूनही बघितलं, तरी जुळणी होईना. होणारही नव्हती. खांबांवरची भाषा संस्कृत नव्हतीच, पूर्वेकडची प्राकृत होती. तिच्यात 'र'च्या जागी 'ल' येतो, राजाला लाजा म्हणतात, श आणि ष तर नाहीतच. आकडे खरे होते, ज्याच्याशी ताडले ते माप चुकीचं होतं.

कोडं सुटलं ते 1837 मध्ये, आणि सुटलं ते मोठ्या राजाज्ञेवरून नाही. भोपाळजवळच्या सांचीच्या स्तूपाचे कठडे आणि फरश्यांवर बारीक बारीक लेख होते. कॅप्टन एडवर्ड स्मिथने त्यांचे ठसे काढून पाठवले. छापायला देण्याआधी प्रिन्सेप ते नीट लावत बसला असताना त्याला दिसलं की लेख वेगवेगळे असले तरी जवळजवळ सगळे त्याच दोन अक्षरांनी संपतात.

इथे किती वेळा यापेक्षा कुठे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही हे उपयोगी पडेल: तक्त्यात नुसता आकडा ठेवण्याऐवजी ते अक्षर कोणकोणत्या जागी आलं त्या जागांची यादी ठेवा. आकडा हवा असेल तर यादीची लांबी मोजली की झालं, आणि जागेची माहिती फुकटात मिळते.

प्रिन्सेपने विचार केला. इतके छोटे आणि इतके सुटे लेख हे एका मोठ्या मजकुराचे तुकडे असू शकत नाहीत. मग काय असेल? ब्रह्मदेशातल्या बौद्ध मंदिरांत भाविक वस्तू अर्पण करतात आणि त्यावर आपलं नाव घालतात हे त्याला ठाऊक होतं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर, पंख्यावर, घंटेवर अमुक यांजकडून असं लिहितात, तसंच. म्हणजे हे लेख देणग्यांचे असावेत, आणि शेवटचा शब्द 'दान' असावा. त्यातल्या पहिल्या अक्षराला काना होता आणि दुसऱ्यापुढे टिंब. दा आणि नं. दानं!

त्या शब्दाच्या आधी बहुतेक वेळा एकच अक्षर येत होतं. सौराष्ट्रातल्या क्षत्रपांच्या नाण्यांवरून त्याला माहीत होतं की षष्ठीचा प्रत्यय 'स' असतो. मराठी माणसाला 'रामास', 'देवास' यातला स आठवेल. म्हणजे अमुकस दानं, अमक्याचं दान. द, न, स आणि अनुस्वार एका झटक्यात पक्के झाले. आधीच्या तक्त्यात काना-मात्रांच्या जागा तयारच होत्या. ओळखीच्या नावांवरून उरलेली अक्षरं भराभर लागत गेली आणि थोड्याच वेळात बहुतेक सगळी वर्णमाला त्याच्या हातात होती. पडताळा बघायला त्याने दिल्लीच्या खांबाचा मजकूर काढला, तर तोही वाचता येऊ लागला.

अर्थ लावणं हे पुढचं काम, आणि तिथे पंडित कमलाकांत विद्यालंकार सोबत होते. लिपी प्रिन्सेपने फोडली, पण प्राकृत वाक्यांचा संस्कृताच्या आधाराने अर्थ लावताना त्यांचीच विद्या कामी आली. शाळेच्या पुस्तकात मात्र त्यांचं नाव सहसा दिसत नाही.

खांबांवर पुन्हा पुन्हा येणारं आणखी एक पद होतं, देवानंपिय पियदसि, म्हणजे देवांना प्रिय असलेला प्रियदर्शी. हा राजा कोण? पुराणांतल्या वंशावळीत असं नाव सापडेना. प्रिन्सेपने आधी श्रीलंकेच्या देवानंपिय तिस्स राजाचं नाव पुढे केलं. पण तिथल्याच जॉर्ज टर्नर या अधिकाऱ्याला 'दीपवंस' या पाली ग्रंथात प्रियदर्शी हे अशोकाचंच दुसरं नाव असल्याचं सापडलं. चंद्रगुप्त मौर्याचा नातू, ज्याला तोवर युरोपच्या इतिहासात कुणी विचारत नव्हतं, तो एकदम समोर उभा राहिला.

1838 मध्ये आणखी दोन नकला त्याच्या टेबलावर आल्या. एक ओरिसातल्या धौलीची, लेफ्टनंट किट्टोने काढलेली. दुसरी काठेवाडातल्या गिरनारची, कॅप्टन लँगने काढलेली आणि मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांनी पाठवलेली. ताडून बघितल्या तर पुन्हा तोच प्रकार: पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या या दोन खडकांवर बराचसा मजकूर एकच. गिरनारच्या लेखात त्याला अंतियोक आणि तुरमाय ही नावं दिसली. हे सीरियाचा अँटिओकस आणि इजिप्तचा टॉलेमी. त्या राजांच्या तारखा माहीत होत्या, त्यामुळे अशोक इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला हे नक्की झालं. भारताच्या जुन्या इतिहासाला खुंटी मिळाली ती इथे.

हे सगळं नोकरी सांभाळून चाललं होतं. दिवसा टांकसाळ, बाकीच्या वेळात सोसायटी, मासिकाची मुद्रितं, देशभरातल्या पत्रांना उत्तरं, शिवाय वायव्येकडच्या नाण्यांवरून खरोष्ठी लिपीवरही काम. 1835 मध्ये त्याचं हॅरिएट ऑबर्टशी लग्न झालं होतं, 1837 मध्ये मुलगी झाली. घराकडे बघायला त्याला किती वेळ मिळाला असेल कोण जाणे.

1838 च्या पावसाळ्यानंतर डोकं सतत दुखू लागलं. आधी साधं दुखणं वाटलं, मग बुद्धीवरच परिणाम दिसू लागला. नोव्हेंबरमध्ये त्याला जहाजात बसवून इंग्लंडला नेलं. ज्याने तीन खांबांवरचा मजकूर एकच असल्याचं ओळखलं, त्याची स्मृती परतली नाही. 22 एप्रिल 1840 ला लंडनमध्ये तो वारला तेव्हा वय होतं चाळीस. कलकत्त्याच्या लोकांनी हुगळीच्या काठावर त्याच्या नावाने घाट बांधला, तो प्रिन्सेप घाट आजही आहे. एका हिमालयी झुडपालाही वनस्पतिशास्त्रज्ञांनी प्रिन्सेपिया हे नाव दिलं.

त्याच्याच हाताखाली तयार झालेला तरुण इंजिनिअर म्हणजे अलेक्झांडर कनिंगहॅम, पुढे पुरातत्त्व खात्याचा पहिला प्रमुख. 1877 मध्ये त्याने अशोककालीन लेखांचा संग्रह छापला, त्यात देवटेकचा दगड आहे. नागपूरपासून 50 मैलांवर, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या जंगलपट्टीत सापडलेला हा दगड. त्यावर एक नाही, दोन लेख आहेत. एक ब्राह्मीतला जुना, झिजलेला, प्राकृत. दुसरा संस्कृत, वाकाटक राजा रुद्रसेनाच्या धर्मस्थानाचा.

1930 च्या दशकात नागपूरचे संस्कृतचे प्राध्यापक वा. वि. मिराशी यांनी हे लेख पुन्हा नीट वाचले. जुन्या लेखात प्राण्यांना धरण्या-मारण्याची बंदी असल्याचं त्यांनी दाखवलं आणि तो अशोकाच्या धर्माधिकाऱ्याचा मानला. दोन्ही लेखांत पाच-सहाशे वर्षांचं अंतर, भाषा वेगळी, अक्षरांची वळणं वेगळी. पण मिराशींना दोन्हींत एक नाव सापडलं, थोडंसं बदललेलं: जुन्यात चिकंबरी, नव्यात चिक्कंबुरी. त्यांच्या मते हे गाव म्हणजे देवटेकला लागून असलेलं आजचं चिकमारा.